डोळा दाखवायला गेले, नाक उघडून आले

आमच्या डेपोत आता कुणाचं डोकं दुखलं की त्याला आधी माझ्याकडे पाठवतात. मी एसटीत कंडक्टर आहे, डॉक्टर नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी वर्कशॉपमधला एखादा मेकॅनिक येतो, कपाळावर बोट ठेवतो आणि विचारतो, "बाई, हितं ठणकून राहिलंय. हे तुमच्यावालं तर नसंल?" मग मी सगळी कहाणी सुरुवातीपासून सांगते आणि तोवर त्याचं डोकं आणखी दुखायला लागतं. शेवटी आमचे हे म्हणाले, "एकदाच लिहून काढ. तुझा घसा वाचेल आणि लोकांचं डोकं."

म्हणून लिहिते आहे. ज्यांना हे दुखणं झालंय किंवा ज्यांच्या घरात झालंय, त्यांच्यासाठी. औषधांची नावं यात सापडणार नाहीत, कारण ती मला ॲडमिट असतानाही उच्चारता आली नाहीत. भीती किती वाटते आणि ती वाटत असताना माणसं काय काय करतात, तेवढं मात्र मी खात्रीने सांगू शकते.

दुखत कुठे होतं

डोकं दुखतं म्हटलं की लोक कपाळाला बाम चोळतात. माझं डोकं कपाळात दुखतच नव्हतं. ते दुखत होतं आत, खोल, दोन्ही डोळ्यांच्या मागे आणि टाळूच्या खाली, जिथे बोट पोहोचत नाही अशा जागी. आडवं झालं की जास्तच. हे मला कुणाला नीट सांगता येईना आणि ज्याला सांगितलं त्याने आपल्या सोयीने ऐकलं. डेपोतले साहेब म्हणाले, ऊन बाधलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. चष्म्याच्या दुकानदाराने नवा नंबर काढून नवी फ्रेम गळ्यात मारली.

आमचे हे निलंग्याला पंचायत समितीत कारकून आहेत. लातूरहून रोज अपडाऊन करतात आणि कुठल्याही गोष्टीवर लगेच मत देत नाहीत. "बघू चार दिवस," ते म्हणाले. चार दिवस बघण्यात महिना गेला.

औषध म्हणून जिलेबी

मत द्यायला घरात आत्याबाई होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातल्या. अंगारा, उतारा, लिंबू-मिरची यातलं काही त्या दाराच्या आत येऊ देत नाहीत. "वंदनाला कुणाची तरी नजर लागली असंल," असं शेजारीण एकदा म्हणाली, तर आत्याबाईंनी तिला चहा न देता अर्धा तास विज्ञान समजावून सांगितलं. त्यांचा विश्वास फक्त औषधावर. मला झाली होती अर्धशिशी, आणि अर्धशिशीवरचं औषध, त्यांच्या मते, होतं जिलेबी.

रीत अशी की सूर्य उगवायच्या आत, उपाशीपोटी, गरम दुधात गरम जिलेबी बुडवून खायची. खाताना कुणाशी बोलायचं नाही. आठवडाभर हे केलं की अर्धशिशी पळून जाते. आमच्याकडे हा उपाय कितीतरी घरांत करतात आणि प्रत्येक घरात त्याने बरी झालेली एखादी मावशी असतेच.

"आत्याबाई, ही अंधश्रद्धा न्हाई का?" मी विचारलं.

"अंधश्रद्धा कामून? ह्येच्यात मंतर हाय का कुठं? दूध हाय, साखर हाय. गुमान खा."

बसस्टँडसमोरचं एक हॉटेल पहाटेच कढई चढवतं. हे रोज मोटारसायकल काढून जिलेबी आणायचे आणि सूर्य वर यायच्या आत घरी पोहोचायचे. न बोलण्याची अट मला फार जड गेली. कंडक्टरला गप्प बसवणं म्हणजे काय, ते आमच्या डेपोत विचारा. जिलेबी मात्र छान असायची, खोटं कशाला बोलू.

आठवडा संपला आणि डोकं होतं तसंच राहिलं. आत्याबाईंनी निदान बदललं नाही, डोस वाढवला.

त्याच सुमाराला मला सारखी तहान लागायला लागली. गाडी कुठल्याही स्टँडवर टेकली की पॅसेंजरच्या आधी मी उतरून बाथरूमकडे धावायची. अंगही उतरलं. "दूध पचून राहिलंय," आत्याबाई म्हणाल्या. शुगरची शंका घरात कुणालाही आली नाही. मलाही नाही.

दोन रहीमभाई

लातूर-नांदेड गाडीवर माझी जोडी रहीमभाईंबरोबर. शांत माणूस, हॉर्नसुद्धा विचार करून वाजवतात. त्या दिवशी चाकूर सोडलं आणि मी तिकिटं काढत मागून पुढे आले, तर स्टिअरिंगवर दोन रहीमभाई बसलेले. शेजारी शेजारी. दोघांच्याही टोप्या सारख्याच तिरक्या. मी डोळे चोळले, तरी दोघंही गाडी चालवतच होते.

मग माझ्या लक्षात आलं की गाडीतच दुप्पट माणसं बसली आहेत. एका आजोबांना सुटे पैसे द्यायला हात पुढे केला, तर ते म्हणाले, "बाई, म्या हिकडं हाय. तिथं खिडकी हाय."

एक डोळा मिटला की मात्र जग पुन्हा एकेरी व्हायचं. हा शोध लागल्यावर मी खूश झाले आणि डावा डोळा मिटून पुढची तिकिटं काढायला लागले. एका पॅसेंजरला वाटलं, मी त्याला डोळा मारतेय. चांगला मिशावाला माणूस, पण अहमदपूरचं तिकीट काढून गावाच्या अलीकडेच उतरून गेला. त्यानंतर मी डोळ्यावर रुमाल बांधला.

"बाई, आँखांकू क्या हुआ?" रहीमभाईंनी आरशातून विचारलं. ते घाबरले की दख्खनीत जातात. "दवाखान्यात जावा. मजाक नको हाय."

घरी येऊन रुमाल सोडला तर दारात दोन आत्याबाई उभ्या. एका सासूबरोबर उभा जन्म काढलेल्या बाईवर ही वेळ यावी! दोघींनीही एकदमच विचारलं, "आज उशीर कामून?" मी त्या रात्री हसता हसता ह्यांना सांगितलं. हे हसले नाहीत. "उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ," म्हणाले.

सकाळी मी तोंड धूत होते. उजव्या डोळ्यात साबण गेला म्हणून तो घट्ट मिटला आणि डाव्याने तांब्या शोधायला लागले, तर सगळा अंधार.

"लाईट गेली काय हो?" मी आतून ओरडले.

"नाही, आहे," हे बाहेरून म्हणाले.

"मग लावा की."

"लावलेलीच आहे."

मी उजवा डोळा साबणासकट उघडला. डोक्यावर बल्ब जळत होता. पुन्हा मिटला. अंधार म्हणजे अगदी काळा नाही, मळकं धोतर डोळ्यापुढे वाळत घातल्यासारखा. मी तिथेच पाटावर बसले. इतकी भीती मला त्याआधी कधीही वाटली नव्हती.

नाकाचं ऑपरेशन

लातुरातल्या त्या डोळ्यांच्या मॅडम वयाने लहान होत्या. बाहेर मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्यांची रांग होती, पण त्यांनी मला आधी आत घेतलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आत्याबाई आमच्याबरोबर आल्या होत्या, कारण डॉक्टर काय म्हणतात ते आम्हाला दोघांना नीट कळत नाही असं त्यांचं मत आहे.

मॅडमनी एकेका डोळ्यात बॅटरी मारली. डाव्यात दोन-तीनदा मारली.

"डोळा चांगला आहे," त्या म्हणाल्या.

आम्ही तिघांनीही हुश्श केलं.

"बिघाड डोळ्याच्या मागे आहे. लगेच एमआरआय करून या आणि रक्तही द्या."

एमआरआयच्या मशीनमध्ये झोपले तेव्हा आतून असा आवाज येत होता की जणू आमच्या डेपोतली भंगारात काढलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये घाट चढतेय. मी डोळे मिटून घेतले. मिटले काय आणि उघडले काय, डावीकडे फरक नव्हता, हे आठवलं आणि मला तिथेच रडू आलं. हलायचं नाही म्हणून सांगितलेलं, त्यामुळे रडतानाही स्थिर राहावं लागलं.

दुपारी रिपोर्ट घेऊन पुन्हा मॅडमसमोर बसलो.

"शुगर कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"मला शुगर न्हाई," मी म्हणाले.

"आहे. भरपूर आहे. गोड किती खाता?"

हे एकदम छताकडे बघायला लागले. मी पायाकडे. आत्याबाईंनी मात्र पदर सावरला आणि अभिमानाने सांगितलं, "रोज दिस उगवायच्या आत, दुधात जिलेबी. म्याच देते. अर्धशिशीवर."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "किती दिवस?"

"आजून चालूच हाय. आज बी खाल्ली."

त्या हसू आवरत होत्या की राग, ते मला एका डोळ्याने ओळखता आलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. नाकाच्या अगदी मागे, कवटीच्या मधोमध एक छोटी पोकळी असते. तिला स्फेनॉइड सायनस म्हणतात. माझ्या त्या पोकळीत बुरशी साचली होती. करोनानंतर ऐकलेली काळी बुरशी नव्हे, दुसरी, पण जागा वाईट. डोळ्याची नस त्या पोकळीच्या भिंतीला लागूनच जाते आणि डोळा फिरवणारी नसही शेजारूनच. भिंतीमागे सूज आली, दोन्ही नसा दाबल्या गेल्या. म्हणून आधी दोन दोन दिसलं आणि मग दिसेनासं झालं.

"म्हंजे जिलेबीनं?" आत्याबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"जिलेबीने आजार आणला नाही, आजी. शुगर आधीपासून असणार. पण आलेल्या पाहुण्याला तुम्ही रोज जेवायला वाढलंत."

"डावा डोळा परत येईल?" ह्यांनी विचारलं.

"आत्ता सांगता येत नाही. पण पोकळीच्या पलीकडच्या भिंतीला उजव्या डोळ्याची नस आहे आणि वरच्या बाजूला मेंदू. ते वाचवायचं असेल तर नाकातून दुर्बीण घालून ती पोकळी साफ करावी लागेल. इथले नाक-कान-घशाचे सर या आठवड्यात गावाला गेलेत. नांदेडच्या सरांना मी फोन करते. कशानेही जा, पण आज जा."

बाहेर आल्यावर आत्याबाईंनी ह्यांना बाजूला घेतलं. त्यांच्या मते बाजूला घेऊन, म्हणजे सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं, त्या म्हणाल्या, "गौतम, डोळ्याला दिसंना, अन् नाकाचं आपरेशन? उंद्या कान दुखला तर ह्ये गुडघा कापतील." रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी मान डोलावली. हे पहिल्यांदाच आईवर ओरडले, "गप बस, आई!" आणि आत्याबाई खरोखर गप्प बसल्या.

आपलीच गाडी

शेजाऱ्यांची कार लग्नाला उदगीरला गेली होती. बाहेरची गाडी ठरवायला हे फोनवर फोन करत होते. मी म्हणाले, स्टँडवर चला, नांदेड गाडी लागलेली असेल. खरंच लागली होती आणि स्टिअरिंगवर रहीमभाई. एकच रहीमभाई, कारण दुसरा दाखवायला डावा डोळा चालूच नव्हता.

ज्या गाडीत मी एरवी उभी असते तिच्यात बसून जाणं मला विचित्र वाटलं. माझ्या जागी आलेल्या कंडक्टरने बायकांचं अर्धं तिकीट दिलं आणि विचारलं, "बाई, नाकात काय झालंय म्हणे?" झालं, गाडीला विषय मिळाला. चाकूर येईपर्यंत मला कांद्याचा रस, गाईचं तूप, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि पलीकडच्या एका गावातला हमखास गुण देणारा माणूस, एवढे उपाय मिळाले. शेवटी एक बाई म्हणाली, "तुम्ही अर्धशिशीवर जिलेबी करून बघितली का?"

आत्याबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

लोह्याला चहासाठी गाडी नेहमी थांबते. रहीमभाईंनी ती थांबवलीच नाही. मागून कुणीतरी कुरकुर केली, तेव्हा ते मागे न बघता म्हणाले, "बाईचा डोळा जारा है, अन् तुमकू चाय होना?" त्यानंतर नांदेड येईपर्यंत गाडीत कुणी चहाचं नाव काढलं नाही.

शिंकायचं नाही

नांदेडच्या सरांना स्वतःलाच सर्दी झाली होती. नाकाचा एवढा मोठा डॉक्टर सूंसूं करतोय हे बघून आत्याबाईंचा उरलासुरला विश्वासही उडाला. तरी त्यांनी विचारलंच, "डॉक्टरसाहेब, डोळ्याचं कुलूप नाकातून उघडतंय का?"

"आजी, त्या खोलीला दार तिकडूनच आहे," सर म्हणाले आणि रुमालाने नाक पुसलं.

रात्रभर इन्सुलिन देऊन माझी साखर खाली आणली. सकाळी स्ट्रेचरवरून नेत होते तेव्हा ह्यांना नेमकी दारातच शिंक आली. आत्याबाई शकुन-अपशकुन मानत नाहीत. "घसा कोरडा पडला असंल, पाणी पी," असं म्हणून त्यांनी ह्यांना पाणी पाजलं, आणि ते पूर्ण पिऊन होईपर्यंत स्ट्रेचरचा दांडा सोडला नाही. वॉर्डबॉय बिचारा थांबून राहिला.

हे माझा हात धरून म्हणाले, "काही होणार नाही. सगळं नीट होईल."

ह्यांनी लगेच मत दिलं, म्हणजे परिस्थिती फार वाईट आहे हे मला कळलं.

शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही नाकपुड्यांत बोळे कोंबलेले. श्वास तोंडाने, बोलणं बंद. सिस्टरने नियम सांगितले. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जोर करायचा नाही आणि शिंकायचं नाही. आलीच तर तोंड उघडून. शिंक येऊ द्यायची नाही असं ठरवलं की दिवसभर दुसरं काही सुचतच नाही, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगते.

शेजारच्या कॉटवर धर्माबादच्या नरसाबाई होत्या. मिरचीचा व्यापार करणारं घर. त्यांच्या कानाचं ऑपरेशन झालं होतं. एका कानाला भलं मोठं बँडेज आणि दुसरा आधीपासूनच कमी ऐकणारा. त्यांना ऐकू येईना, मला धड दिसेना, म्हणून आमचं चांगलं जमलं. सिस्टर काय म्हणाली ते मी हातवारे करून त्यांना सांगायची. दाराशी कोण आलं, माझ्या सलाईनमध्ये किती उरलं, डॉक्टरांचा चेहरा कसा आहे, हे त्या मला सांगायच्या, पण स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "अय्यो, तुमचा डॉक्टर आज लई तोंड पाडून आलाय बगा!" डॉक्टर समोर उभे असायचे.

एके दिवशी त्यांच्या घरून कुणीतरी सिस्टरसाठी भेट म्हणून मिरचीची पिशवी आणली. "मिरपकाय हाय, आमच्या धर्माबादची!" असं म्हणत नरसाबाईंनी ती कॉटवर सोडून दाखवली. आधी पलीकडचा म्हातारा शिंकला, मग त्याची सून, मग सिस्टर, मग सगळा वॉर्डच. नरसाबाईंना ऐकूच येत नव्हतं, त्या मिरच्या खालीवर करतच राहिल्या. मी तोंड आ करून, दोन्ही हातांनी कॉट धरून बसले होते. हे वहीने वारा घालत होते आणि आत्याबाई माझ्या आणि मिरचीच्या मध्ये पदर पसरून उभ्या होत्या. मला शिंक आली नाही. त्या क्षणाचा मला आजही अभिमान वाटतो.

किती बोटं?

बोळे काढले तेव्हा सोडलेल्या फेट्यासारखी नाकातून कापडाची पट्टी निघतच राहिली. पण डोकं! इतक्या दिवसांनी डोकं दुखत नव्हतं. मी उशीवर मान टेकली आणि काहीच झालं नाही, हे सुख काय असतं ते ज्याचं दुखलंय त्यालाच कळेल. काही दिवसांनी डावा डोळा पूर्वीसारखा फिरायलाही लागला. उजवा डोळा वाचला.

डावा तसाच होता. सर रोज सकाळी येऊन माझा उजवा डोळा झाकायचे आणि विचारायचे, "किती बोटं?" रोज मी म्हणायची, "दिसत न्हाई." रोज हे खिडकीकडे वळायचे. एके दिवशी मला ते सहन झालं नाही. पॅसेंजरचं गाव चेहऱ्यावरून ओळखण्यात माझी हयात गेली आहे, म्हटलं अंदाज मारू.

"दोन," मी म्हणाले आणि दोन बोटं वर केली.

शेजारून नरसाबाई ओरडल्या, "अय्यो, त्यांनी हात कुठं वर केलाय!"

मग मात्र मला रडू आवरेना. नाकावर जोर पडतो म्हणून रडायचीही मनाई होती. सरांनी कॉटवर बसून सांगितलं की नस दाबली गेली की तिला सावरायला वेळ लागतो. कधी येते, कधी थोडी येते, कधी येत नाही. खोटं सांगून मी तुम्हाला खूश करणार नाही, तुम्हीही मला करू नका, म्हणाले. त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून फार आदर आहे.

घरी

आज काय स्थिती आहे ते आधी सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहणार नाही. मी ड्युटीवर आहे. उजवा डोळा ठणठणीत आहे. डाव्याला माणसं दिसतात, त्यांचे चेहरे दिसत नाहीत आणि लाल रंग विटकरी दिसतो. गाडीत गर्दी किती आहे ते कळायला तेवढं पुरतं. शुगरच्या गोळ्या चालू आहेत. ज्याचं डोकं डोळ्यांच्या मागे दुखत राहतं आणि गोळ्यांनी थांबत नाही, त्याने रक्त तपासून घ्यावं. ज्याला दोन दोन दिसायला लागतं, त्याने तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. माझ्यासारखं रुमाल बांधून नांदेडला तिकिटं काढत जाऊ नये.

पण घरी आले तेव्हा यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. डाव्या डोळ्यापुढे तोच मळका पडदा होता. त्याहून वाईट म्हणजे आत्याबाई बदलल्या होत्या. माझ्याशी भांडेनात. भाजी खारट झाली तरी "चांगली हाय" म्हणायच्या. मी मुद्दाम दुपारी उशिरापर्यंत लोळले, तरी काही बोलल्या नाहीत. शेजारीण तब्येत विचारायला आली की उठून आत जायच्या. मी एकदा म्हणाले, "आत्याबाई, मॅडम म्हणाल्या ना, आजार जिलेबीनं न्हाई आला." त्या "हाव" म्हणाल्या आणि भांडी घासायला लागल्या. त्या दिवसांत स्वयंपाकघरातून सारखं काही ना काही पडल्याचा आवाज यायचा. कधी पेला, कधी झाकणी. मला वाटलं, वय झालं.

सरांनी सांगितलं होतं की रोज एकाच जागी बसून, उजवा डोळा हाताने झाकून, डाव्याने समोर बघायचं आणि फरक पडला तर कळवायचं. मी स्वयंपाकघराच्या दारासमोर खुर्ची टाकून बसायची. समोर सगळं राखाडी. रोज तेच. मी बसायची ती सरांना शब्द दिला म्हणून, आशा अशी फारशी उरली नव्हती.

त्या सकाळीही तशीच बसले होते. राखाडीत काहीतरी पांढरं हललं. आत्याबाई पांढरं लुगडं नेसतात. ते पांढरं ओट्याकडून माझ्याकडे आलं, वर त्यांच्या तोंडाचा काळसर गोल, आणि गोलाचा अर्धा भागही पांढराच. डोक्यावरचा पदर त्यांनी एका बाजूने पार खाली, गालापर्यंत ओढून बांधला होता. तशाच त्या हात पुढे करून दाराची चौकट चाचपत होत्या.

"आत्याबाई, डोळ्यावर पदर कशाला बांधलाय? आदळाल की!" मी ओरडले.

त्या दचकल्या. हातातलं ताट खाली पडलं. "तुला एका डोळ्यानं कसं करावं लागंल ते बगायलते," त्या चोरी सापडल्यासारख्या म्हणाल्या. "आठ दिस झाले बगून राहिले. च्या सुदीक कपात पडंना."

मी काही बोलणार तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की माझा उजवा हात अजून उजव्या डोळ्यावरच आहे. त्यांच्याही लक्षात आलं. त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

"हात काढू नगं," त्या म्हणाल्या. त्यांनी पदर सोडून मागे टाकला. "आता दिसते का म्या?"

"दिसताय."

"खरं सांग. अंदाज मारू नगं."

"खरंच दिसताय, आत्याबाई."

त्या दोन पावलं मागे सरकल्या. "आता?" आणखी मागे, माझ्या खुर्चीला वळसा घालून बाहेरच्या खोलीत. मीही हात न काढता खुर्चीतल्या खुर्चीत वळले. "आता?" हे तोंडात ब्रश घेऊन आले आणि तसेच उभे राहिले, तोंडातला फेस शर्टावर गळत होता आणि डोळ्यातलं पाणीही. आत्याबाई रडत रडत, माझ्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी दाराकडे चालल्या होत्या. "आता दिसते का?"

उंबऱ्यापर्यंत मला त्या खरोखर दिसत होत्या. पुढे गल्लीतल्या उन्हात पांढऱ्यात पांढरं मिसळून गेलं, आणि नुसता आवाज येत राहिला, "आता? वंदना, आता?"

"हाव, दिसताय," मी आतून ओरडत होते, "दिसताय, दिसताय!"